माझ्या घरातल्या सगळ्या मोटारी

मॅडम, तर्कशास्त्राचा वर्ग परत भरायला लागला आहे. तुमच्याच खोलीत, जिन्याच्या डाव्या हाताला, त्याच कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, दर शनिवारी सकाळी. तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे: 'पोरं किती?' तर बाकं भरतात आणि उशिरा येणाऱ्याला खिडकीत बसावं लागतं. खिडकीत बसणारे बहुतेक कॉम्प्युटरचे असतात, त्यांना वेळेवर उठायची सवय नाही. हो, कॉम्प्युटरचे. अर्धी मुलं तत्त्वज्ञानाची, अर्धी कॉम्प्युटरची, आणि शिकवते मी. आता हसून घ्या. ही बातमी मी घरी सांगितली, ऑफिसात सांगितली, सगळे छान छान म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. मला ती अशा माणसाला सांगायची होती, जे लगेच म्हणेल, 'थांब, आधी सिद्ध कर.' तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी असं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला आठवत असेल, मी तत्त्वज्ञान घेतलं ते काही ओढीने नाही. गोळीबार चौकाकडचं आमचं घर, आजोबांचा हातमाग बाबांच्या काळातच बंद पडलेला, बाबा इतवारीत कापडाच्या दुकानात कामाला. बारावीला गणित असूनही मी आर्ट्सला आले, कारण आमच्या वस्तीतल्या मैत्रिणी तिथे होत्या. तत्त्वज्ञान घेतलं, कारण त्याचे तास सकाळी संपत आणि दुपारी मला शिकवण्या घेता येत. आई म्हणाली होती, "हे शिकून काय करशील वं? लोकायले उपदेश?" मी म्हटलं, तास लवकर सुटतात. तिला ते पटलं. तुम्हाला मात्र हे कारण कळलं तेव्हा तुम्ही पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं की तर्कशास्त्राचा तास लवकर सुटणार नाही, आणि शब्द पाळलात.

तुमचं स्वयंपाकघर मला तुमच्या वर्गापेक्षा जास्त आठवतं. महालातल्या त्या भाड्याच्या वरच्या दोन खोल्या, मागे सज्जा. तुमचे गुडघे फार दुखत असले की तुम्ही आम्हा चारदोन पोरींना घरीच बोलवायचात. त्या दिवशी अनुमान शिकवायचं होतं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर आग आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, ही व्याप्ती, जसं स्वयंपाकघरात. दोन हजार वर्षं सगळे हेच उदाहरण देत आले आहेत, असं तुम्ही सांगता सांगता सज्ज्यात कोळशाची शेगडी पेटवली आणि तिच्यावर वांगी ठेवलीत. आमच्या डोळ्यांत धूर गेला. "दिसला धूर? आता आग पाहा." मग आत येऊन गॅस पेटवला. निळी, शांत ज्योत. "आता उलटं म्हणून दाखवा. जिथे आग तिथे धूर. म्हणा नं!" आम्ही ज्योतीवर धूर शोधायला लागलो. "काहून? थांबले काहून सगळे?" त्या निळ्या ज्योतीकडे बघत आम्ही उलट्या विधानाचा धडा शिकलो आणि नंतर भरीत खाल्लं, हिरव्या मिरचीचं, डोळ्यांत दुसऱ्यांदा पाणी आणणारं. एखादी गोष्ट उलट केली की ती खरी राहतेच असं नाही, हे आज मी मोठ्या मोठ्या पगाराच्या मुलांना समजावते. तेव्हा माझ्या जिभेवर अजून ती मिरची असते.

उदाहरण आणल्याशिवाय कोणी युक्तिवाद संपवायचा नाही, हा तुमच्या वर्गाचा कायदाच होता. कोणी 'सगळे राजकारणी' असं सुरू केलं की तुम्ही हात पुढे करायचात, भाजीवाल्याकडे सुटे मागावेत तसा. "एक दे." उदाहरण दिल्याशिवाय खाली बसता यायचं नाही. आम्ही त्याची चेष्टा करायचो आणि घाबरायचोही. मग आलं आधुनिक तर्कशास्त्र, ती चिन्हं, ते खऱ्याखोट्याचे तक्ते, आणि माझ्या अंगात आलं. इतकं स्वच्छ काही मी तोवर पाहिलंच नव्हतं. डोंगर नको, धूर नको, स्वयंपाकघर तर नकोच. त्या तक्त्यांतून मला एक गंमत सापडली. 'सगळे अमुक तमुक आहेत' हे वाक्य खोटं पाडायला एक तरी अमुक लागतो, जो तमुक नाही. अमुक मुळात नसेलच तर वाक्य खोटं पडूच शकत नाही. ते खरं. मी भर वर्गात उभी राहिले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्या घरातल्या सगळ्या मोटारी लाल आहेत." आमच्या घरात बाबांची एक सायकल होती.

तुम्ही खडू ठेवलात. साडीला हात पुसलेत. "असं? मग उद्या एकीत बसवून आण मले. गुडघे दुखून राहिले माये." वर्ग हसला. मी लाल झाले, त्या नसलेल्या मोटारींपेक्षा लाल, पण बसले नाही. म्हटलं, पुस्तकात हेच आहे, तक्ता हेच सांगतो, वाक्य खरं आहे. तुम्ही म्हणालात, "खोटं कोण म्हणून राहिलं? रिकामं आहे म्हणते मी." मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. मी म्हटलं की उदाहरण हा सिद्धतेचा भागच नाही, नुसती सजावट आहे, आणि दोन हजार वर्षं आपण ती उगाच वाहतोय. तुम्ही खरोखर रागावलात. तुमचा राग हळू आवाजात असायचा. "ज्या वाक्यानं कुठंच पाय टेकला नाही, त्याच्यावर तू उभी राहशील? खाली बस आधी." बसले. पुढचा आठवडाभर मी तुमच्याशी फक्त हजेरीपुरतं बोलले. तुम्हीही काही कमी नव्हता, मला सोडून सगळ्यांना प्रश्न विचारलेत. शेवटी एकदा वर्गात दुसरं कुणी आलंच नाही, तेव्हा नाइलाजाने दोघींना बोलावं लागलं, आणि आपण तासभर तोच वाद पुन्हा घातला. त्या तासाइतका आनंद मला कॉलेजात दुसऱ्या कशात झाला नाही.

आणि तरी मला कॉम्प्युटरकडे तुम्हीच ढकललंत. बीए झाल्यावर एमसीएचा फॉर्म तुम्ही आणलात आणि दुखऱ्या गुडघ्यांनी आमच्या घरी आलात. आईने चहा ठेवला, चिवडा काढला आणि सरळ विचारलं, "मॅडम, तत्त्वज्ञानवाल्या पोरीले कॉम्प्युटरवाले घेतील काय?" तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "घेतील नाही तर काय! त्या मशीनले दुसरं येतेच काय वं? हो आणि नाही. अन् मधात 'आणि', 'किंवा', 'जर', 'तर'. तुमची पोरगी तीन वर्षं तेच तर शिकून राहिली." बाबा म्हणाले, "भांडते मात्र लई." तुम्ही म्हणालात, "मग मशीनशी भांडू द्या. ते थकत नाही." या एका वाक्यावर माझं आयुष्य ठरलं, मॅडम. लोक करिअर-समुपदेशन की काय म्हणतात, ते आमच्याकडे चिवड्यावर उरकलं.

आता मी मिहानमध्ये, नागपूर विमानतळाजवळच्या त्या नव्या कंपन्यांपैकी एकीत, काम करते. काम असं की एखाद्या मशीनच्या प्रोग्रामबद्दल एक वाक्य लिहायचं आणि ते नेहमीच खरं राहणार हे सिद्ध करायचं. चालवून बघणारे दुसरे असतात. चालवून कितीही बघितलं तरी न बघितलेलं उरतंच. आमचं वाक्य तुमच्या व्याप्तीसारखं: जिथे जिथे हे, तिथे तिथे ते. सिद्धतेतलं एकेक पाऊल कॉम्प्युटर तपासतो आणि सगळं जुळलं की पडद्यावर हिरवी खूण येते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सलाईनमधून औषध सोडणाऱ्या पंपाचा प्रोग्राम आला. वाक्य साधं होतं: नळीत हवेचा बुडबुडा दिसला की पंप थांबलाच पाहिजे. हिरवी खूण आली, तीही इतक्या चटकन की पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी समोसे मागवायला निघालं. आणि मी, मला कळायच्या आत, मोठ्याने बोलून गेले, "एकीत बसवून आण मले." शेजारचा मुलगा म्हणाला, "काय मॅडम?" मी म्हटलं, काही नाही, याला म्हणावं एक बुडबुडा दाखव. प्रोग्राममधली अशी एक तरी वाट काढ, जिच्यावर बुडबुडा दिसतो.

कॉम्प्युटरने शोधलं आणि सांगितलं, नाही. अशी वाटच नाही. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन अटी घातल्या होत्या. एकाने लिहिलं होतं, पंप चालू असतानाच बुडबुडा बघायचा. दुसऱ्याने लिहिलं होतं, झाकण उघडं असतानाच बघायचा. आणि झाकण उघडलं की पंप आपोआप बंद! म्हणजे हे मशीन बुडबुड्याकडे कधी बघणारच नव्हतं. 'दिसला की थांबेल' हे शंभर टक्के खरं, कारण दिसणारच नाही. माझ्या घरातल्या सगळ्या मोटारी लाल. मशीन कुठल्या दवाखान्यात जायच्या आधीच ती चूक सुधारली, समोसेही आले, गार झालेले. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. सलाईन लावलेला कोणाचा तरी हात मला दिसत होता. तुम्हाला फोन करायची इतकी अनावर इच्छा झाली की मी मोबाईल काढलाही. तुम्ही त्याच्या बऱ्याच आधी, एका उन्हाळ्यात गेला होतात. तुमचा नंबर माझ्याकडे होता तो घरच्या फोनचा, सहा आकडी, आता कुठे लागेल असाही नव्हता.

त्या दिवसापासून आमच्या टीममध्ये पद्धत पडली. हिरवी खूण आली की कोणी टाळी वाजवत नाही, आधी कोणी तरी हात पुढे करून म्हणतं, "एक दे." बाकीच्या जगात याला भारदस्त इंग्रजी नाव आहे, त्याची यंत्रंही आहेत, हे मला पुढे कळलं. पण ती पोरं हात तुमच्यासारखाच पुढे करतात, हे त्यांना ठाऊक नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात कळलं की तुमचा तर्कशास्त्राचा पेपर बंद होणार. विद्यार्थी नाहीत, शिकवणारं कुणी नाही आणि खोलीत मोडकी बाकं ठेवायची आहेत. मी प्राचार्यांना भेटायला गेले. रसायनशास्त्राचे गृहस्थ, सरळ माणूस. म्हणाले, "तत्त्वज्ञानाची मुलं चिन्हांना भितात, अन् कॉम्प्युटरची मुलं तत्त्वज्ञान म्हणजे भाषण समजतात. कोण येईल?" मी म्हटलं, दोघांना एकाच वर्गात आणते, तास मी घेते. त्यांनी दिवाळीपर्यंत वेळ दिला. तोवर वर्ग उभा राहिला तर ठीक, नाही तर मोडकी बाकं वर चढवायची. मला झोप लागेना, मॅडम. ऑफिसात मोठमोठी कामं अंगावर घेतली आहेत, पण तुमच्या खोलीत मोडकी बाकं रचलेली मला डोळ्यांसमोर धरवत नव्हती.

सुरुवात वाईट झाली. मुलं आली, पण भिंत बांधल्यासारखी दोन बाजूंना बसली. मी चिन्हं लिहिली की डावी बाजू वहीत फुलं काढायची, 'सत्य म्हणजे काय' म्हटलं की उजवी बाजू मोबाईल काढायची. दसरा जवळ आला तरी हीच तऱ्हा. आणि नेमक्या अशाच एका शनिवारी प्राचार्य येऊन शेवटच्या बाकावर बसले. मी काय शिकवणार होते ते बाजूला ठेवलं आणि लाल मोटारींची गोष्ट सांगितली. तुमच्या गुडघ्यांसकट, सायकलीसकट. हसले सगळे. मग पंपाचं सांगितलं आणि कोणी हसलं नाही. तेवढ्यात डावीकडची एक मुलगी, कामठीहून ऑटो बदलत येते, बाप पॉवरलूमवर, ती उठली. "पण मॅडम, बरोबर कोण होतं? तुम्ही की तुमच्या मॅडम?"

मी म्हटलं, तुम्ही सांगा. आणि उजवीकडून उत्तर आलं. काटोलचा मुलगा, घरची संत्र्याची बाग, एरवी तोंड उघडत नाही. "त्याच बरोबर होत्या. आमच्या बागेत टायमर बसवला होता. जमीन कोरडी असली अन् टाकी भरली असली की पाणी सोडायचं. टाकीचा फ्लोट अडकला होता, टाकी भरली हे त्याले कधी समजलंच नाही. नियम एकदाही मोडला नाही त्यानं, अन् झाडाले एक थेंब पाणी नाही. बाप मलेच बोलून राहिला, तुह्या कॉम्प्युटरनं केलं म्हणे." आता सगळे तुमच्या बाजूने, असं मला वाटलं. पण कामठीची मुलगी खाली बसलेली नव्हती. "मग मी या आपल्या मॅडमच्या बाजूनं. आमच्या कारखान्यात नियम आहे, चालू असलेल्या सगळ्या मागांवर माणूस पाहिजे. सुट्टीच्या दिवशी एकही माग चालू नाही. मग काय नियम मोडला? चौकीदारानं कोणाले पकडाचं? रिकामं असलं तरी ते खरंच म्हणावं लागते, नाही तर सुट्टीच भेटायची नाही कोणाले!"

मॅडम, पुढचा अर्धा तास मी खडू हातात धरून नुसती उभी होते. कॉम्प्युटरचा मुलगा तुमचं उदाहरण मागत होता आणि तत्त्वज्ञानाची मुलगी माझा तक्ता फळ्यावर काढून दाखवत होती. मुलं उठून बाजू बदलायला लागली, कारण कोण कोणाच्या बाजूने हे बाकांवरून कळेना. तुम्ही आणि मी तासन्‌तास जे भांडलो, ते ही दोघं भांडत होती, आणि दोघंही बरोबर होती. वाक्य खरं आहे, ते खरं मानलंच पाहिजे. आणि ते खरं आहे एवढ्यावर थांबायचं नाही, एक मागायचंच. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकच समजून भांडत राहिलो. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, तुमचंही तुम्ही घेतलं नसतंत. शेवटी प्राचार्यांनी हात वर केला. मला वाटलं, संपलं. तर ते म्हणाले, "माझं एक. बाटलीत विषारी गोळी मुळात नव्हतीच, तर 'या बाटलीतल्या सगळ्या विषारी गोळ्या काढल्या', हे कोण्या पक्षात बसते?" वर्ग त्यांच्यावर तुटून पडला. जाताना ते मला म्हणाले, "मोडकी बाकं खालीच राहू द्या. खडू तेवढे तुम्ही आणत जा, खडूची बोंब आहे."

बाहेर आले तर ती दोघं जिन्यातही भांडत होती. म्हटलं चला, स्टँडपर्यंत सोडते. मुलगी गाडीजवळ आली आणि थबकली. "मॅडम! ही तर लाल आहे!" मुलगा म्हणाला, "म्हणजे वाक्य आता उदाहरणासकट खरं." "योगायोग असेल रे," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, योगायोग. ती पुढे बसली, तो मागे, आणि भांडण सीताबर्डीपर्यंत चाललं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. महालातल्या तुमच्या खोल्यांत दुसरं कुटुंब राहतं, त्यांना बिचाऱ्यांना व्याप्तीशी काय करायचं? पण मुलांना जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. तो योगायोग नव्हता. शोरूममध्ये पांढरी गाडी तयार उभी होती, लालसाठी थांबायला सांगितलं. नागपूरच्या उन्हाळ्यात मी बसचे धक्के खात थांबले आणि घरी सांगितलं की लाल रंग उन्हात टिकतो, जे साफ खोटं आहे. आणि शनिवारी कॉलेजला निघाले की मी पर्स बाजूच्या सीटवर ठेवत नाही, मागे टाकते.